बदली गोलकीपर

आमच्या कंपनीत भांडायला विषय दोनच होते. दिवाळीआधी बोनस आणि पावसाळ्याआधी फुटबॉल. बोनसची भांडणं युनियनने आणि साहेबांनी करायची, आम्ही ती ऐकायची. फुटबॉलची मात्र आमची स्वतःची होती. त्यात एखादा साहेब पडला असता तर त्याचीही आम्ही गय केली नसती.

विक्रोळीला पंप बनवणारी ती कंपनी. मी स्टोअर्समध्ये होतो. कंपनीची टीम शहराच्या लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला खेळायची. या वर्षी वर जाणार, अशी आमची दरवर्षी खात्री असायची आणि सीझन संपला की आम्ही होतो तिथेच असायचो. लीग पावसाळ्यातली, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात नवे खेळाडू यायचे. कागदावर ते टेंपररी क्लार्क. कुठल्यातरी खात्यात त्यांना एक खुर्ची मिळायची, दुपारी दोनला ते सुटायचे आणि तीनला कारखान्यामागच्या मैदानात प्रॅक्टिसला उतरायचे. सीझन चांगला गेला तर परमनंट, नाहीतर रामराम. म्हणजे आमची करमणूक हा त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. हे मला तेव्हाही कळत होतं असं म्हणून मी मोठेपणा घेणार नाही.

चारला शिफ्ट सुटली की आम्ही सात-आठ जण मैदानाच्या कडेला पंपांची रिकामी लाकडी खोकी उलटी करून त्यांवर बसायचो. आमच्यात बोलणारे तिघेच, बाकीचे माना हलवणारे. एक टाइम-कीपर, वयाने सगळ्यांत मोठा, आणि कारखान्यात कोण कधी आला कोण कधी गेला हे ज्याच्याकडे असतं त्याला सगळंच कळतं असा त्याचा समज. दुसरा साताऱ्याकडचा टर्नर, जिभेला हाड नसलेला. तिसरा मालवणचा फिटर, त्याला कोणताही खेळाडू पहिल्या दिवशी आवडायचा नाही. चौथा मी, मला सगळेच आवडायचे, म्हणून माझ्या मताला कवडीची किंमत नव्हती.

आमची एक रीत होती. प्रत्येक नवा खेळाडू आमच्यापैकी कुणीतरी एकाने ‘घ्यायचा’. घ्यायचा म्हणजे सीझनभर त्याची बाजू घ्यायची आणि त्याच्या वाटणीच्या शिव्या आपण खायच्या. त्याने पेनल्टी बाहेर मारली तर त्याला कुणी चकार शब्द बोलायचा नाही, ज्याने त्याला घेतला त्याला बोलायचं. ही रीत कुणी सुरू केली ते माहीत नाही, पण शहाण्या माणसाने केली असावी. पोरं मोकळी खेळायची. आदल्या वर्षी मी एक राइट विंगर घेतला होता. तो इतका जोरात धावायचा की बॉल मागे राहायचा. ते वर्षभर मला कँटीनमध्ये मान वर करून जेवता आलं नाही.

त्या वर्षी बाबा आमच्याकडे राहत होते.

बाबा लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते, एकतीस वर्षं. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटून गेलं होतं. काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या चालू झाल्या होत्या, बाबांची झाली नव्हती. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. लालबागच्या खोलीत एकटे काय करतील, म्हणून मी त्यांना कन्नमवार नगरला आमच्याकडे आणलं. आणलं खरं, पण ते आले नव्हते. रोज पहाटे उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि पावणेसहाला घराबाहेर पडायचे. ‘हजेरी लावून येतो,’ म्हणायचे. लालबागला जाऊन बंद गिरणीच्या गेटासमोर उभं राहायचे. सातची पाळी सुरू व्हायची वेळ टळून ऊन चांगलं चढलं की परत फिरायचे. गेटाला साखळी. आत एक वॉचमन. हजेरी घेणारं तिथे कोणी नव्हतं.

घरी आल्यावर ते बोलायचे नाहीत. चहा दिला तर प्यायचे, ताट वाढलं तर अर्धं जेवायचे. एकदा तिकडेच चक्कर येऊन पडले. कुणा भल्या हॉटेलवाल्याने बसवलं, पाणी पाजलं आणि खिशातल्या चिठ्ठीवरून घरी आणून सोडलं. डॉक्टरने ब्लडप्रेशर सांगितलं आणि उन्हात जायला बंदी केली. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला बाबा तयार होते.

मी भांडलो. मला चांगलं भांडता येतं, ते मी खोक्यांवर शिकलो होतो. दारात आडवा उभा राहून मी ओरडायचो, “टाळं दिसत नाही का तुम्हाला? तिथे काय कुत्रं तरी आहे का तुमची वाट बघायला?” बाबा टॉवेलची घडी घालत ऐकून घ्यायचे आणि माझ्या बाजूने निघून जायचे. मला त्या उन्हाळ्यात दुसरं काही नको होतं. त्यांनी ते गेटावर जाणं बंद करावं, एवढंच.

बायको एक दिवस म्हणाली, “सकाळचं तुम्ही थांबवू शकत नाही. संध्याकाळी तरी घेऊन जा त्यांना तुमच्या त्या खोक्यांवर. इथे भिंतीकडे तोंड करून बसतात, मला बघवत नाही.”

मैदानाला बाहेरच्या बाजूने फाटक होतं. मी बाबांना तिथून आत घेतलं आणि एक खोकं पुढे केलं. त्यांनी फुटबॉल कधी पाहिला नव्हता. त्यांचा खेळ कबड्डी, तीही गणपतीच्या दिवसांत गल्लीत. तीन दिवस ते नुसते बसले. आमचा वाद तेव्हा रंगात होता. कोल्हापूरहून एक सेंटर फॉरवर्ड आला होता, मांड्या अशा की पँट शिवणाऱ्याने हात जोडावेत.

“कुठल्या क्लबचा रे हा?” टाइम-कीपरने विचारलं.

“तालमीचा आहे,” टर्नर म्हणाला.

“तालमीचा? मग कुस्तीला पाठवा की. इथे कशाला?”

“तिकडे तालमीच फुटबॉल खेळतात. तुम्हाला घाट चढून पलीकडचं काय माहीत? मी घेतला हा.”

“घे. वर्षभर शिव्या खाऊन तुझ्यापण मांड्या होतील तशा.”

फिटर गोव्याहून आलेल्या एका हाफबॅककडे बोट दाखवून म्हणाला, “आणि ह्यो? ह्यो बॉल बघता की आकाश? माका नको हां ह्यो.” माका नको म्हणाला म्हणजे दोन दिवसांनी तोच त्याला घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तसंच झालं.

चौथ्या दिवशी बाबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. मैदानाच्या पलीकडे, गोलपोस्टच्या मागे, एक जण हातात ग्लव्ह्ज घालून एकटाच बसला होता. बाबांनी विचारलं, “तो का बसलाय? त्याला का नाय घेत खेळायला?”

“तो दुसरा गोलकीपर, काका,” टर्नर म्हणाला. “रिझर्व्ह. पहिल्याला काही झालं तर हा.”

“म्हणजे बदली,” बाबा म्हणाले.

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, “मी आठ वर्षं बदली होतो. परमनंट मागाहून झालो. सकाळी गेटावर जाऊन उभं राहायचं. आत कुणी गैरहजर असला तर जॉबर बाहेर येणार आणि बोट दाखवणार, तू चल. नसला गैरहजर, तर घरी जा, उद्या परत ये. बदलीवाला देवाकडं काय मागतो ठाऊक आहे? कुणीतरी आजारी पडू दे. मागतो, आणि मग दिवसभर त्याची त्यालाच लाज वाटते.”

बाबांना सलग इतकी वाक्यं बोलताना मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. मी पायांखालची माती बुटाने उकरत राहिलो, कारण डोळे भरून आले होते आणि तिथे टर्नर बसला होता.

“याला कुणी घेतलाय?” बाबांनी विचारलं.

रिझर्व्ह कीपरला कुणी घेत नसे. जो खेळणारच नाही त्याच्या शिव्या कोण देणार आणि कोण खाणार?

“मग हा माझा,” बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून बाबा माझ्याआधी तयार होऊन बसायला लागले. पोरगा जोगेश्वरीचा होता. पोरगा कसला, सव्वीस वर्षांचा बाप्या. आई एका दवाखान्यात आया होती. गेल्या चार वर्षांत त्याने तीन कंपन्यांच्या टीमची बाकं झिजवली होती, खेळायला मिळालेल्या मॅच एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात. उंच होता, उडी चांगली मारायचा. पण जमिनीलगत, डाव्या बाजूला आलेला बॉल हमखास आत.

हे असं का, यावर आमची तीन-तीन मतं होती. टाइम-कीपर म्हणे, कंबर ताठ आहे. फिटर म्हणे, आळशी आहे. बाबा दोन संध्याकाळ बघत राहिले आणि म्हणाले, “वाकताना डोळे मिटतो.” आम्ही उडवून लावलं. एका शिकाऊ फॉरवर्डला त्याच्यावर दहा बॉल मारायला लावले आणि फिटर पोस्टला चिकटून उभा राहून बघत राहिला. परत येऊन तोंड पाडून म्हणाला, “मिटता. काका बरोबर.”

बाबांनी त्याला खोक्याजवळ बोलावून समजावलं. साच्यावर धोटा इकडून तिकडे जातो तेव्हा नवा माणूस दचकून डोळे मिटतो. मिटले की सूत तुटलेलं कळत नाही आणि हातभर कापड फुकट जातं. “एकतीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून धोटा गेलाय. तो काय डोळ्यात नाय येत. बॉलपण नाय येणार. बघत राहायचं.” पोरगा ‘हो काका’ म्हणून गेला. आठवड्याभरात डावीकडचे दहातले सहा अडवायला लागला. टर्नरने आपल्या कोल्हापूरकराच्या प्रत्येक गोलला कँटीनभर डांगोरा पिटला होता, तो आता बाबांशी जरा जपून बोलू लागला.

घर बदललं. बाबा जेवताना बोलायचे. माझी बायको पोळी लाटता लाटता विचारायची, “आज किती अडवले, बाबा?” आणि ते हाताने दाखवून सांगायचे. पोळी एक जास्त खायचे. सकाळचं गेट मात्र चालूच होतं. पण एक दिवस मी रजेवर घरी असताना ते नेहमीपेक्षा लवकर, साडेआठलाच, परत आले. म्हणाले, “जास्त वेळ थांबलो नाय. संध्याकाळी प्रॅक्टिस आहे.” मी बायकोकडे बघितलं. मला वाटलं, आता काही दिवसांचाच प्रश्न आहे.

बाबा त्या पोराला फक्त डोळे उघडे ठेवायला शिकवत नव्हते. ते त्याला बदलीवाल्याचा सगळा धर्म शिकवत होते. सगळ्यांच्या आधी अर्धा तास यायचं. जॉबरच्या नजरेला पडेल अशा ठिकाणी उभं राहायचं, पण त्याच्या वाटेत यायचं नाही. आज कोण गैरहजर आहे हे विचारायचं नाही. नंबर लागला तर दात दाखवायचे नाहीत, आत ज्याची जागा रिकामी आहे त्याच्या घरी दुखणं असतं. आणि सगळ्यांत मोठं, हजेरी चुकवायची नाही. ज्या दिवशी तू नसशील त्याच दिवशी बोट दाखवलं जाईल. पोराने हे सगळं मनावर घेतलं. तीनची प्रॅक्टिस, तो अडीचला मैदानात. कोच दिसेल अशा ठिकाणी, एकटाच उड्या मारत.

मे महिन्याच्या मध्यावर, एका शनिवारी, तो आमच्या घरी आला. बाहेरच्या खोलीत बाबांच्या समोर खुर्चीच्या कडेवर बसला. त्याच्या मामाने मुलुंडच्या एका तारेच्या कारखान्यात शब्द टाकला होता. हेल्परची जागा, सहा महिन्यांनी परमनंट. सोमवारी हजर व्हायचं. पण ड्युटी दुपारची, म्हणजे प्रॅक्टिस बंद, फुटबॉल बंद.

“आई म्हणते जा. मामा म्हणतो जा. तुम्ही सांगा, काका.”

“टीमची लिस्ट कधी लागणार?” बाबांनी विचारलं.

“पुढच्या शनिवारी.”

बाबांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, “आठ वर्षं उभा होतो मी. माझ्याबरोबरचे कंटाळून गेले. कुणी हमाली धरली, कुणी गावी गेला. नवव्या वर्षी मला घेतलं. सातव्या वर्षी मी गेट सोडलं असतं तर? आठवड्यावर आलंय. आता नको सोडू.”

त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. त्यालाही तेच ऐकायचं होतं.

मी आतल्या दारात चहाचे कप घेऊन उभा होतो, आणि आता मी जे लिहितो आहे ते मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नाही. दोन दिवसांपूर्वी टाइम-कीपरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की कोचने गोव्याहून आणखी एक कीपर ठरवला आहे, त्याचं कार्ड बनवायला पर्सनल खात्यातून कागद आलाय. मला माहीत होतं. मी चार पावलं पुढे जाऊन एवढंच म्हणायचं होतं, ‘अरे, तू सोमवारी मुलुंडला जा.’ पण बाबा इतके सरळ बसले होते. कुणीतरी त्यांच्याकडे सल्ला मागायला आलं होतं, त्यांच्या आठ वर्षांचा कुणाला तरी उपयोग होत होता. मी म्हटलं, कोण जाणे, कोचचं मन फिरेल. कप ठेवले आणि बिस्किटं आणायला आत गेलो.

पुढच्या शनिवारी कँटीनच्या फळ्यावर लिस्ट लागली. अठरा नावं. जेवणाच्या सुट्टीत फळ्यासमोर ही गर्दी. कोल्हापूरचा होता, गोव्याचा हाफ होता. टर्नर आणि फिटर एकमेकांना टाळ्या देत होते. कीपरच्या जागी दोन नावं होती. एक जुना, एक गोव्याहून यायचा तो. बाबांचा पोरगा त्यात नव्हता.

संध्याकाळी मी बाबांना मैदानावर न्यायचं टाळत होतो. डोकं दुखतंय म्हटलं. ते एकटेच निघाले, म्हणून मला मागोमाग जावं लागलं. पोरगा खोक्यांपाशीच उभा होता. बाबांना बघून पुढे आला, आणि तो हसत होता.

“नाव नाही आलं, काका. पण कोच बोलले, येत राहा. कुणाला लागलं-बिगलं तर बघू. स्वतःहून बोलले, मी विचारलं पण नव्हतं.”

“पगार?” टर्नरने विचारलं.

“पगार नाही. पण येत राहा बोलले.”

तो मनापासून खूश होता. बाबांच्या शिकवणीप्रमाणे दात दाखवायचे नाहीत म्हणून दाबून धरलेलं हसू त्याच्या गालांत मावत नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. ते त्याच्या तोंडाकडे असे बघत होते, की मला तिथे उभं राहवेना. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते घरी निघाले. रात्री जेवले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, “तुला जोगेश्वरीचा पत्ता माहीत आहे ना त्याचा? उद्या सुट्टी आहे. जाऊ या.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पवईवरून, दोन बसा बदलून जोगेश्वरीला गेलो. टेकडीच्या अंगाला एका खोलीचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि कोपऱ्यात दोरीवर वाळत घातलेले ते ग्लव्ह्ज. त्याच्या आईने आम्हाला खाटेवर बसवलं. तिला वाटलं, आम्ही काहीतरी चांगली बातमी घेऊन आलो. बाबा खाटेवर बसले नाहीत. पोरगा खाली बसला होता, ते त्याच्या शेजारी जमिनीवर बसले, गुडघ्याला गुडघा लावून.

“मी तुला चुकीचं सांगितलं,” बाबा म्हणाले. “मुलुंडला जा म्हणायला पाहिजे होतं. नाय म्हटलं. तुझ्या आईसमोर सांगतो, चूक माझी.”

“काका, तसं नाही. कोच बोलले की येत राहा.”

“ये म्हणणारा आणि कामावर घेणारा ही दोन माणसं वेगळी असतात, बाळा. ये म्हणायला कुणाचं काय जातं? तू उद्यापासून तिकडं जायचं नाय. मामाकडं जा, पाया पड, दुसरीकडं कुठं तरी लाव म्हण. खेळ काय, रविवारी गल्लीत खेळ. पण गेटावर उभं नाय राहायचं. सव्वीस वर्षांचा झालास तू.”

पोराने मान खाली घातली. मग म्हणाला, आणि त्यात उद्धटपणा काही नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, “पण काका, तुम्ही तर अजून रोज जाता.”

त्याला हे माहीत असणारच. खोक्यांवर सगळ्यांना माहीत होतं.

बाबांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला. “मला असं शेजारी बसून कुणी सांगितलं नाय रे,” ते म्हणाले.

मी खाटेवर बसलो होतो, हातात त्याच्या आईने दिलेला पाण्याचा पेला. वर्षभर मी त्यांना तेच सांगत होतो. रोज, दारात उभा राहून, आळीला ऐकू जाईल अशा आवाजात. मला वाटत होतं, मी सांगतो आहे.

मुलुंडची जागा तोवर भरून गेली होती. मामा आधी चिडला, मग चारेक महिन्यांनी त्याने त्याला एका गोदामात लावून दिलं. तिथे तो टिकला, लग्न केलं. एवढं मला नंतर कळलं. आमची टीम त्या वर्षीही होती तिथेच राहिली.

परतीच्या बसमध्ये मी बाबांना म्हटलं, “मला आधीच ठाऊक होतं. गोव्याचा कीपर येणार ते. त्या शनिवारी मला ठाऊक होतं.”

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “मग बोललास का नाय?”

“तुम्ही खूश होता.”

“तो पण खूशच होता,” बाबा म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्याहून जास्त कुणी कधी सुनावलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा बाहेरच्या खोलीतला दिवा लागला होता. बाबांची दाढी झाली होती. शर्ट घालून ते खाटेवर बसले होते आणि चपलेच्या अंगठ्यात बोट अडकवत होते. मी नेहमीसारखा दारात गेलो नाही. त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. लहानपणानंतर आम्ही इतके जवळ कधी बसलो नसू. त्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता. माझा आवाज इतका हळू निघाला की मलाच परका वाटला.

“बाबा, गिरणी आता उघडणार नाही. तिथे तुमची हजेरी कुणी घेत नाही. तुम्ही मला इथे पाहिजे आहात.”

ते चपलेकडे बघत राहिले. “नक्की?” त्यांनी विचारलं.

“नक्की.”

“मग मी सकाळचं उठून करू काय रे?”

मी म्हटलं, “माहीत नाही. आपण बघू. पण तिथे नका जाऊ.” तेव्हा ते रडले. आई गेली तेव्हाही ते माझ्यासमोर रडले नव्हते. मी त्यांचा हात धरून बसलो. बायको उठली, तिने दारातून बघितलं आणि ती स्टोव्ह पेटवायला गेली. उजाडलं, नळाला पाणी आलं, खाली पोरांचा दंगा सुरू झाला. बाबांनी चहा घेतला आणि शर्ट काढून खुंटीला लावला.

माझी शिफ्ट साडेसातची. मी कारखान्याच्या गेटावर पोहोचलो तेव्हा नऊ वाजायला आले होते. नऊ वर्षांच्या नोकरीत तो माझा पहिला लेट. टाइम-कीपरने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि कार्डावर लाल शिक्का मारला. नियमाप्रमाणे त्याला कारण लिहावं लागे. पेन उघडून तो थांबला.

मी म्हटलं, “वडील घरी होते.”